सारंगखेड्याला घोडी न्यायची : गावची आयशर की घोड्यांची खास गाडी?

मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याची यात्रा भरते, तिथे घोड्यांचा मोठा बाजार असतो. दिवाळी झाली की आमच्या दारव्हा भागातल्या घोडेवाल्यांत एकच बोलणं सुरू होतं, यंदा जनावर न्यायचं कशात? दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, अकोला, मग भुसावळ, जळगाव, धुळे असं करत तापीकाठी पोचायला साधारण ४५० किलोमीटर होतात. वरातीसाठी घोडी पंधरा-वीस किलोमीटर नेण्याची सवय इथे कामाला येत नाही. मी पिकअप, आयशर ट्रक आणि घोड्यांची खास गाडी अशा तिन्ही प्रकारच्या गाड्यांतून घोडी नेली आहे आणि एका फेरीत चांगलंच भोगलंही आहे. ज्यांचं अजून ठरायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितो.

पिकअपचा विचार आधीच सोडून द्या. घोडी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत साधारण आठ फूट भरते आणि पिकअपचा डालाही जवळपास तेवढाच. म्हणजे तोंड केबिनच्या जाळीला टेकलेलं आणि पुठ्ठा, म्हणजे मागचा भाग, मागच्या फळीला. चार वर्षांपूर्वी मी आमच्या काजळीला असंच नेलं. ड्रायव्हरनं दोर आखूड बांधला. मी ढिला करायला गेलो तर म्हणाला, "भाऊ, दोर लंबा ठेवला त थे उडी मारन." मी ऐकलं. रात्रभर काजळीची मान वरच होती. सकाळी उतरली तेव्हा ठीक दिसली, चाराही खाल्ला. तिसऱ्या दिवशी तिनं दाण्याच्या तोबऱ्यात तोंड घालणं सोडलं, खोकायला लागली, ताप १०४ च्या वर गेला. डॉक्टर म्हणाले, छातीत संसर्ग उतरला आहे. यात्रा तर गेलीच, पुढचा दीड महिना ती कोठ्यातच उभी होती.

याचं कारण प्रत्येक घोडेवाल्यानं समजून घ्यावं, कारण गाडी निवडायची ती यावरूनच. घोडा एरवी दिवसाचा बराच वेळ मान खाली घालून चरतो. श्वासनळीत गेलेली धूळ आणि चिकटा तेव्हाच खाली उतरून नाकातोंडावाटे बाहेर पडतो. मान दहा-बारा तास वर बांधून ठेवली की हा निचरा थांबतो, जंतू साचतात आणि खाली फुप्फुसात उतरतात. त्यात गाडीत भुसकट उडत असेल तर आणखी वाईट. म्हणून गाडीवाल्याला मी आता भाड्याच्याही आधी एकच गोष्ट विचारतो, घोडीचं नाक गुडघ्यापर्यंत जाईल एवढा दोर ठेवशील का, आणि दर तीन-चार तासांनी थांबून तिला मान पूर्ण खाली घालू देशील का?

घोड्यांच्या खास गाडीत याची सोय बहुधा असते. प्रत्येक घोड्याला वेगळा कप्पा, बाजूंना गादी, खाली रबराची चटई, कमी चढाची फळी आणि सोबत घोड्यांत वावरलेला माणूस. सवय नसलेली घोडी यात सगळ्यात कमी घाबरते हे मी स्वतः पाहिलं आहे. अडचण आपल्या भागाची आहे. या गाड्या मुख्यतः पुण्या-मुंबईकडच्या, शर्यतीच्या आणि स्टडफार्मच्या घोड्यांसाठी फिरणाऱ्या. दारव्ह्याला यायचं तर रिकाम्या फेरीचं भाडंही आपल्याच माथी. ते टाळायला गाडीवाला वाटेतले दुसऱ्यांचे घोडे घेतो, आणि मग आपली घोडी आधी चढते, शेवटी उतरते आणि भलतीकडून फिरून जाते. शेजारच्या कप्प्यात कुणाचं खोकणारं जनावर आहे का हेही कळत नाही. एकत्र फेरीत द्यायचीच असेल तर बाकीचे घोडे कुठले, त्यांचे आरोग्याचे दाखले आहेत का आणि आपली घोडी एकूण किती तास गाडीत राहील, हे पैसे देण्याआधी विचारा. उत्तर गोलमोल आलं तर नकोच.

गावची आयशर स्वस्त पडते, ड्रायव्हर ओळखीचा असतो, आणि कुठे थांबायचं हे आपल्या हातात राहतं. पण ती सोयाबीन आणि कापूस वाहणारी गाडी, घोड्यासाठी आपल्यालाच तयार करावी लागते. १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांत घोड्यांसाठी जे सांगितलं आहे ते सगळं आयशरमध्ये जमतं. खाली पाय घसरणार नाही असं काही अंथरायचं, बाजू बुटक्या असतील तर वाढवायच्या, दोन घोड्यांमध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू, मागे दोन भक्कम दांडे, आणि तोंडं डावीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येत नाहीत. सहा-साडेसहा फूट रुंदीत घोडा सरळ आडवा मावत नाही, तिरपा उभा करावा लागतो. मोटार वाहन नियमांप्रमाणे एका घोड्याला २.२५ चौरस मीटर जागा लागते. चौदा फुटी बॉडी सहा फूट रुंद धरली तर साधारण ७.८ चौरस मीटर होतात, म्हणजे तीनच घोडे. "चौथं बी बसते" म्हणणारा ड्रायव्हर भेटतोच, त्याला हा हिशेब सांगा.

अंथरायला कुटार, म्हणजे भुसकट, टाकू नका. घरचं असतं म्हणून लोक हमखास टाकतात, आणि गाडीला वेग आला की तेच घोड्याच्या डोळ्यांत आणि नाकात जातं. आम्ही खाली ओलसर वाळू, तिच्यावर तनस, म्हणजे पेंढा, टाकतो. चारा द्यायचा तोही पाण्यात बुडवून, निथळून. ताडपत्री वर आणि पुढून ठेवा, मागची बाजू मोकळी राहू द्या. नाहीतर मुताचा उग्र वास आतच कोंडतो आणि छातीला बाधतो.

वेगाचाही हिशेब करा. त्याच १९७८ च्या नियमांत घोडे नेणाऱ्या गाडीला ताशी ३५ किलोमीटरची मर्यादा आहे. ४५० किलोमीटरला नुसतं चालणंच तेरा तासांचं, त्यात थांबे धरले तर एका दमात जाणं बरोबर नाही. मलकापूर-भुसावळच्या आसपास ओळखीच्या वावरात घोडी उतरवून रात्रभर मोकळी बांधावी. आयशरमध्ये हे आपण ठरवू शकतो. खास गाडीवाल्याला पुढच्या फेरीची घाई असते, त्यामुळे मुक्कामाचं आधीच ठरवून घ्यावं लागतं.

तयारी मात्र कोणत्याही गाडीला तितकीच लागते, आणि ती पंधरा-वीस दिवस आधीपासून. सगळ्यात आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. प्रवासाला तंदुरुस्त असल्याचा दाखला लागतो, आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगासाठी रक्ताच्या तपासणीचं डॉक्टरांना तेव्हाच विचारा, कारण अहवाल यायला वेळ जातो. हा रोग माणसालाही होतो, त्यामुळे कंटाळा करू नका. धनुर्वाताची लस राहिली असेल तर तीही याच खेपेला. नालबंदाला आठवडाभर आधी बोलवा, आदल्या दिवशी नको. नवा नाल टोचला तर चार दिवसांत कळतं. शेवटच्या दोन महिन्यांतली गाभण घोडी असेल तर यंदाची यात्रा सोडून द्या.

चढण्याची सवय मी घरच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर लावतो. ट्रॉली धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लावायची, मध्ये जाड फळी, फळीवर पोतं ठोकलेलं. पहिले दोन-तीन दिवस फक्त पुढचे दोन पाय वर, गुळाचा खडा, आणि परत मागे. मग चारी पाय. मग आत उभी करून तोबरा. मागे सरकत उतरणंही शिकवावं लागतं, ते लोक विसरतात. काजळी पहिल्या दिवशी फळीवर खूर ठेवायची, पोकळ आवाज आला की कान मागे टाकून खूर उचलून घ्यायची. मी तोंडाला बांधलेली मोहरकी सैल धरून नुसता उभा राहायचो. सहाव्या दिवशी ती आपणहून वर गेली. ज्या घोडीला चार माणसं पुठ्ठ्याला दोर लावून चढवतात, ती गाडी सुटण्याआधीच घामानं भिजलेली असते.

पाण्याचं म्हणाल तर काही जनावरं परक्या गावचं पाणी हुंगून सोडून देतात, आणि पाणी पिणं थांबलं की पोटदुखीची भीती. निघायच्या आठ दिवस आधीपासून पाण्यात थोडा गूळ टाकायची सवय लावा, मग वाटेतलं पाणीही त्याच चवीचं लागतं. निघण्याच्या दिवशी हरभरा अगदी कमी, चारा भरपूर. झोपेचं इंजेक्शन स्वतःच्या मनानं कधीच देऊ नका. गुंगीत तोल जातो.

माझं मत असं. एकच घोडी, ती नवखी किंवा फार किमतीची, आणि फक्त तिच्यासाठी येणारी खास गाडी परवडत असेल तर तीच घ्या. एकाच भागातले दोन-तीन मालक मिळत असतील तर आयशर तयार करणं मला खास गाडीतल्या अनोळखी घोड्यांच्या फेरीपेक्षा बरं वाटतं. यंदा आम्ही तिघं मिळून आयशरच करतो आहोत. बांबू कापून झाले, वाळू ट्रॉलीत भरून ठेवली आहे. गाडीत माझ्यासोबत थर्मामीटरही असेल, कारण पोचल्यावर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा. १०१.५ पर्यंत ठीक. त्यापुढे गेला, किंवा घोडीनं खाणं सोडलं, तर खोकल्याची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवायचं आणि गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी तिला पळवून दाखवायचं नाही.