मिच मिलर की सॅम फिलिप्स? या दोन अमेरिकन रेकॉर्ड निर्मात्यांत सरस कोण?

दोघांची सुरुवात 1950 ची. मिलर न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया रेकॉर्ड्सच्या पॉप विभागाचा प्रमुख झाला, तर फिलिप्सने मेम्फिसला युनियन अव्हेन्यूवर छोटासा स्टुडिओ थाटला. पुढे तिथूनच त्याची रेकॉर्ड कंपनी, सन रेकॉर्ड्स, उभी राहिली.

मिलर मुळात ओबो या सुषिर वाद्याचा वादक, पाश्चात्त्य शास्त्रीय तालमीतला. गाणं कोणतं, मागे काय वाजणार, शब्द त्याचाच शेवटचा. 1951 मध्ये त्याने गायिका रोझमेरी क्लूनीच्या एका गाण्यात चक्क हार्प्सिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं जुनं पट्ट्यांचं वाद्य, घुसवला. तिला ते गाणं मुळीच पसंत नव्हतं. रेकॉर्ड मात्र तुफान खपली!

फिलिप्सकडे ना वाद्यवृंद, ना पैसा. त्याने दुसऱ्या टेप मशीनवरून गायकाचा आवाज किंचित उशिरा परत मिसळायला सुरुवात केली. मशीनच्या आवाज टेपवर उमटवणाऱ्या रेकॉर्ड हेडपासून तो ऐकवणाऱ्या प्लेबॅक हेडपर्यंत टेप सरकायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच हा उशीर. सनवरच्या एल्व्हिस प्रेस्लीच्या आवाजाला ती थरथर इथूनच मिळाली. तीन-चार वादकांतही खोली भरल्यासारखी वाटते.

धंद्यात मिलर सरस. फिलिप्सला 1955 मध्ये चणचणीपायी एल्व्हिसचा करार 35,000 डॉलरला आरसीए या बड्या रेकॉर्ड कंपनीला विकावा लागला. पण रॉक अँड रोलला नाकं मुरडणाऱ्या मिलरपेक्षा कान फिलिप्सचाच तिखट. मिलरच्या कित्येक रेकॉर्डमध्ये गायक स्वतःच्याच लग्नात पाहुण्यासारखा वाटतो. अपवाद गायक टोनी बेनेटचा. त्यालाही मिलरनेच कोलंबियात आणलं, आणि तिथे त्या भरगच्च व्हायोलिनांबद्दल तक्रार करवत नाही.