संमेलनाला जावं, की स्पर्धेला कथा पाठवावी? बेळगावातल्या नव्या ख्रिस्ती कथालेखकासाठी

चर्चमधली उपासना सुटल्यावर स्कूटी बाहेर काढता काढता तरुण संघातली एक मुलगी मला म्हणाली, "आंटी, माझ्याकडं साठवलेले दोन हजार आहेत. ख्रिस्ती साहित्य संमेलन भरलं की तिकडं जाऊ, का त्या पैशात चार-पाच स्पर्धांना कथा पाठवू?" मागं गाड्या हॉर्न मारत होत्या, म्हणून मी नुसतं "सांगते" म्हटलं. सांगायला बसले तर हे एवढं लांबलं.

ती मराठीत लिहिते, आणि तिच्या कथांतली माणसं आपल्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली असतात. बेळगावात हे नवीन नाही. ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींचा जन्म इथलाच, १८३१चा. त्यांची 'यमुनापर्यटन' १८५७ साली आली आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. आज ती उघडून बघा. विधवांचे हाल येतात तिथं माणूस थांबून वाचतो, उपदेश सुरू झाला की पानं पटापट उलटतात. आपला आजार तेवढा जुना आहे. म्हणून संमेलन आणि स्पर्धा दोन्ही मी एकाच मापानं मोजते: आपल्या कथेत लपलेलं प्रवचन कोण पकडून देतं?

स्पर्धा

स्पर्धेचा मोठा गुण म्हणजे तारीख. नोकरी, घर, संडे स्कूलची तयारी यात कथा अर्धवट पडून राहते. "अमुक तारखेच्या आत, दोन हजार शब्द, अप्रकाशित" असं छापून आलं की ती संपते. माझ्या पहिल्या तीन कथा अशाच संपल्या; त्यातल्या एकीची शेवटची ओळ मी कुरिअरच्या काउंटरवर उभी राहून खोडली. रजा लागत नाही, आणि फी असलीच तरी परगावच्या खेपेपेक्षा स्वस्त पडते.

पण हरलात तर का हरलात ते कळत नाही. "परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील, याबाबत पत्रव्यवहार केला जाणार नाही" ही ओळ नियमावलीत ठरलेली. एका दिवाळी अंकाच्या स्पर्धेचा निकाल मी तीनदा वाचला, नाव चुकून खाली गेलंय का म्हणून. आणखी एका ठिकाणी कथा आत घेतलीच नाही, कारण नियमात 'महाराष्ट्रातील रहिवासी' असं होतं. भाषा मराठी, पिनकोड कर्नाटकचा. आपल्याला याची सवय आहे, तरी फी भरायच्या आधी तेवढी ओळ शोधून वाचा.

एकदाच नशीब उघडलं. एका छोट्या स्पर्धेवाल्यांनी हस्तलिखित परत पाठवलं. समासात पेन्सिलनं तीन ठिकाणी १, २, ३ असे आकडे, आणि शेवटच्या पानाखाली एवढंच: "कृपा तीनदा आली. एकदाच ठेवा." बघितलं तर खरंच की. नवऱ्याची नोकरी, मुलीचा ताप, जमिनीचा दावा, तिन्ही गाठी मी 'प्रभूच्या कृपेनं' सोडवल्या होत्या. माणसांना काही करायलाच ठेवलं नव्हतं. मग नोकरी नवऱ्याला धडपडून मिळवायला लावली, दाव्यासाठी नायिकेला कचेरीच्या चार खेपा घालायला लावल्या. कृपा तेवढी तापापाशी राहू दिली. कथा उभी राहिली.

अमेरिकेत ही पेन्सिल नशिबावर सोडलेली नाही. अमेरिकन ख्रिश्चन फिक्शन रायटर्स ही संस्था २००० साली सुरू झाली. तिची 'जेनेसिस' स्पर्धा कादंबरी अजून न छापलेल्यांसाठी असते. सुरुवातीची पानं पाठवायची, परीक्षक गुणांबरोबर शेरेही देतात. संस्थेच्या वार्षिक परिषदेत संपादकांशी, एजंटांशी ठरवून भेट घेता येते, काही मिनिटांत आपली कादंबरी सांगायची. मात्र लेखन इंग्रजीत हवं. इंग्रजीत लिहिणारी पोरं बेळगावात कमी नाहीत. त्यांनी चालू वर्षाचे नियम आणि डॉलरमधली फी बघून स्पर्धेचा विचार जरूर करावा. परिषदेसाठी व्हिसा-विमान करणं मला तरी पटत नाही. मराठीवाल्याला त्या भेटीचा उपयोगही नाही, कारण आपल्याकडं मधे एजंटच नसतो. प्रकाशक संमेलनात स्वतःच्या स्टॉलमागं खुर्ची टाकून बसलेला असतो.

राहिल्या मंडळीतल्या स्पर्धा. विषय शास्त्रवचनाचा, परीक्षक पाळकसाहेब, बक्षीस पवित्र शास्त्र नाहीतर स्टीलचा डबा. भीड चेपायला एकदा पाठवा. तिथं प्रवचनाला गुण कमी होत नाहीत, वाढतात.

संमेलन

ख्रिस्ती संमेलनाची परंपरा लहान नाही. १९३३ साली नागपूरच्या संमेलनाच्या अध्यक्षा लक्ष्मीबाई टिळक होत्या. आपली नियतकालिकंही जुनी, 'ज्ञानोदय' १८४२चं, 'निरोप्या' १९०३चं, म्हणजे लिहिणारे, छापणारे, वाचणारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि ते एका मांडवात भेटतात. तिथं 'उपासना', 'साक्ष', 'तरुण संघ' हे समजावून सांगावं लागत नाही, हा मोठाच आराम. मासिकाच्या संपादकांशी चहा पिताना झालेली ओळख पुढं कामी येते. पण रात्रीची बस, दोन दिवस रजा, राहणं, हे दोन हजारांत ओढूनताणून बसतं. दोन दिवसांतला मोठा भाग भाषणांत जातो, आणि तुमचं वाचन झालं की लोक प्रेमानं हात धरून म्हणतात, "छान! प्रभू तुमचा वापर करो." एवढ्या प्रेमात कथेची चूक कोण सांगणार?

ती सांगतात आपल्या खेड्यांतली माणसं. बेळगावात १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं आणि त्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. २००० साली पुन्हा झालं तेव्हा य. दि. फडके अध्यक्ष होते. पण लिहिणाऱ्याला खरा उपयोग कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, कारदगा इथल्या संमेलनांचा. थंडीच्या दिवसांत शेतातली कामं जरा हलकी झाली की ग्रंथदिंडी निघते, बाया कळशा घेऊन येतात, परिसंवाद, जेवण, कथाकथन, कविसंमेलन. कधी परवानगीचं लचांड होतं, कधी महाराष्ट्रातल्या पाहुण्याला सीमेवरच अडवतात, तरी मांडव पडतो.

अशाच एका गावात मी जेवणानंतर कथा वाचली. समोर दोन-अडीचशे माणसं. त्यात ख्रिस्ती मी एकटीच असेन. नायिकेची प्रार्थना दीड पान होती. पहिल्या अर्ध्या पानाला शांतता, पुढच्याला खुर्च्या सरकायला लागल्या, आणि मागची पोरं उठून पाण्याच्या टाकीकडं गेली. मी वाचता वाचता दोन परिच्छेद गाळले. खाली उतरल्यावर पागोटं बांधलेले एक आजोबा आले. "बाई, गोष्ट बरी हाय. पण ते प्रभुभोजन म्हटलासा, त्याला काय काय करत्यात?" चेष्टा नव्हती, खरंच विचारत होते. मी 'प्रभुभोजन' हा शब्द चारदा वाचला होता आणि ताटात काय असतं ते एकदाही दाखवलं नव्हतं.

घरी येऊन तो प्रसंग नव्यानं लिहिला. शनिवारी रात्री सासू पावाच्या कडा कापून काढते, मधल्या पांढऱ्या भागाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करते. काळी द्राक्षं उकळून गाळलेला रस गार व्हायला खिडकीत ठेवलाय. कापलेल्या कडा पोरं चहात बुडवून खातात, आणि नुकतंच लग्न होऊन आलेली सून विचारते, हे खाल्लं तर चालतं का? प्रार्थनेचं दीड पान मग लागलंच नाही. हे मला कुठल्याही परीक्षकानं सांगितलं नसतं, कारण परीक्षकाला प्रभुभोजन म्हणजे काय ते माहीत असतं किंवा विचारायची लाज वाटते.

अडचण एकच. कथाकथनाला बहुधा नावाजलेला पाहुणा असतो. नवख्यानं महिनाभर आधी आयोजकांना भेटून दहा मिनिटं मागून घ्यावी. नाहीच दिली तर कविसंमेलनात शिरणं सोपं. तिथं गद्य खपवणारेही मी बघितलेत. आणि "ख्रिस्ती कथा" म्हणून ओळख करून देऊ नका. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्या पदावरचे पहिले ख्रिस्ती लेखक होते, पण आधी मराठीचे लेखक म्हणूनच तिथवर पोचले होते.

मग कुणी काय करावं?

एकही कथा पुरी झालेली नसेल तर स्पर्धा, दुसरं काही नको. तीन-चार कथा पुऱ्या असतील तर गावातलं संमेलन, आणि जमलं तर कथा न नेता आधी एकदा नुसतं ऐकायला. ख्रिस्ती संमेलन त्यानंतर, हातात छापून आलेलं काहीतरी असताना. तेव्हा संपादकाशी बोलायलाही विषय असतो. कादंबरी चालू असेल तर दोन्ही बाजूला ठेवा, त्यातलं एक प्रकरण सुटं करून वाचा.

त्या मुलीकडं तीन कथा पुऱ्या आहेत. तिची शंका वेगळीच होती: गावातलं संमेलन रविवारी, मग उपासनेचं काय? आमची उपासना साडेदहाला सुटते. तिथून सीबीटी, म्हणजे बेळगावचा मुख्य बसस्टँड, मग गावाची बस. दिंडी आणि उद्घाटन हुकतं, जेवणाच्या पंक्तीला पोचता येतं, आणि कथाकथन त्याच्या पुढं असतं. जून २०२३पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या साध्या सरकारी बसला बायकांना पैसे पडत नाहीत, म्हणजे तिचे दोन हजार स्पर्धांच्या फीला तसेच शिल्लक. आधार कार्ड तेवढं बरोबर असू दे. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो ते मी टाकत नाही. परत येताना त्याच्याच मागं लोकांनी विचारलेलं लिहून घेते.