ओटा बसण्यापूर्वीचे काम: जुन्या सदनिकेतील स्वयंपाकघर नूतनीकरण सेवेचे परीक्षण

एरंडवण्यातील आमची इमारत १९७०च्या दशकातील आहे. तळमजला आणि त्यावर तीन मजले, लिफ्ट नाही, नऊ इंची विटांच्या भारवाहक भिंती आणि त्यांवर आर.सी.सी. स्लॅब, अशी तिची रचना आहे. तेथील दुसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेचे स्वयंपाकघर पूर्णपणे नव्याने करून घेण्यासाठी आम्ही पुण्यातील एका स्थानिक ठेकेदार संस्थेची सेवा घेतली. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे नोंदवलेल्या त्रुटी या व्यवसायात सर्रास आढळतात आणि तिचे गुणही कोणत्याही ठेकेदाराकडून मागून घेता येतील असे आहेत. स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाची जाहिरात कपाटांची होते. जुन्या घरातला खर्च, विलंब आणि मनस्ताप मात्र भिंतीच्या आत आणि फरशीच्या खाली दडलेला असतो. त्यामुळे ओटा बसण्यापूर्वी काय झाले, यावर या परीक्षणाचा बहुतेक भर आहे.

पहिल्या पाहणीला विक्री प्रतिनिधीऐवजी एक अनुभवी गवंडी आणि एक प्लंबर आले, ही या संस्थेची सर्वांत मोठी जमेची बाजू होय. त्याआधी येऊन गेलेल्या मॉड्युलर किचनच्या प्रतिनिधींनी भिंतींची लांबी मोजून मोबाइलवर रंगीत चित्रे दाखवली होती. या गवंड्याने ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का हे पाहण्याची वजन बांधलेली दोरी) सोडला, कोपऱ्यांना गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन) लावला आणि हातोडीच्या दांड्याने प्लास्टर ठोकत जेथे पोकळ आवाज आला ते भाग खडूने आखून ठेवले. सिंकमागची भिंत छतापासून ओट्यापर्यंत जवळजवळ दोन सेंटीमीटर ओळंब्याबाहेर होती आणि खिडकीकडचा कोपरा काटकोनात नव्हता. कारखान्यात काटकोनी तयार झालेले कपाट अशा कोपऱ्यात बसवले की मागे वर निमुळती आणि खाली रुंद अशी फट राहते, ती सिलिकॉनने बुजवली जाते आणि सिलिकॉन सुटले की तेथे झुरळांची वसाहत होते. म्हणून संस्थेने मापे दोन टप्प्यांत घेण्याची अट घातली: एकदा अंदाजपत्रकासाठी आणि पुन्हा प्लास्टर व टाइल्स पूर्ण झाल्यावर, कपाटांची मापे कारखान्याला कळवण्याआधी. यामुळे कपाटे उशिरा आली हे खरे, पण बसवताना एकही कपाट कापावे लागले नाही. कोपऱ्यातील उरलेला फरक सुताराने लॅमिनेट लावलेली पट्टी भिंतीच्या वळणाप्रमाणे रंधून भरून काढला.

अंदाजपत्रकाबाबत मात्र इतके चांगले म्हणता येत नाही. कपाटांचा दर रनिंग फुटाने (लांबीच्या फुटामागे), प्रत्येक ट्रॉली आणि बिजागरीचा तपशील देऊन लिहिलेला होता. भिंती, पाणी आणि वीज यांच्यासाठी शेवटी एकच ओळ होती, ‘इतर सिव्हिल कामे प्रत्यक्षानुसार’. जुन्या घरात धोका याच ओळीत असतो. एकूण बिलाचा सुमारे एक तृतीयांश भाग या एका ओळीतून निघाला. प्लास्टरचा दर चौरस फुटाला, पाइपचा दर रनिंग फुटाला, विजेचा दर पॉइंटमागे आणि राडारोडा उचलण्याचा दर गाडीमागे आधीच लिहून घेतला, तर किती काम निघेल हे ठाऊक नसले तरी त्याचा भाव ठाऊक राहतो. आम्ही मागितल्यावर संस्थेने हे दर दिले आणि शेवटपर्यंत पाळले. १८ टक्के जीएसटी त्यात धरलेला नाही, हेही विचारल्यावरच समजले.

तोडफोड अपेक्षेपेक्षा संयमाने झाली. जुन्या ओट्याखालच्या कडप्प्याच्या उभ्या फळ्या भिंतीत दोन-तीन इंच रुतवलेल्या असतात आणि ब्रेकर लावून त्या उपटल्या की सोबत विटाही निघतात. येथे कामगारांनी फळ्या भिंतीलगत कटरने कापल्या आणि रुतलेले तुकडे तसेच ठेवून त्यावर प्लास्टर केले. धूळ भयंकर उडाली. शेजारच्या साडेचार इंची भिंतीला मात्र तडा गेला नाही. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांतील भिंत काढून खुले स्वयंपाकघर करावे, अशी घरातील तरुण मंडळींची इच्छा होती. ती भिंत नऊ इंची असून वरच्या मजल्यावरही तिच्यावरच भिंत उभी आहे, हे संस्थेच्या पर्यवेक्षकाने वरच्या घरात जाऊन पाहिले आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल, महापालिकेची परवानगी व सोसायटीचे ना-हरकत पत्र यांशिवाय हात लावणार नाही, असे स्वच्छ सांगितले. हाती आलेले काम अशा रीतीने नाकारणारा ठेकेदार विरळाच. त्या भिंतीतील जुने फडताळही त्याने खोल करू दिले नाही.

पाण्याच्या कामावर सर्वाधिक लिहिणे भाग आहे. भिंतीतील जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा एक तुकडा प्लंबरने कापून हातात दिला, तेव्हा अर्धा इंची पाइपच्या आत गंज आणि क्षार यांचा थर साचून जेमतेम पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली दिसली. नळाला धार बारीक का येते याचा दोष इतकी वर्षे गच्चीवरच्या टाकीला दिला जात होता. अशा वेळी फक्त दिसणारा भाग बदलून उरलेल्या जुन्या पाइपला नवा जोडणे स्वस्त पडते, पण आटे पाडताना गंजलेला जुना पाइप पुढे कोठेतरी चिरतो आणि गळती नव्या टाइल्समागे सुरू होते. संस्थेने सोसायटीच्या उभ्या पाइपपासून स्वयंपाकघरापर्यंतची संपूर्ण ओळ सी.पी.व्ही.सी.ची (गरम पाणीही सोसणाऱ्या प्लास्टिकची) केली, जोडाच्या जागी पितळी आट्यांचा ॲडॉप्टर वापरला आणि स्वयंपाकघरापुरता स्वतंत्र व्हॉल्व्ह हाताला येईल अशा जागी बसवला. पाइप उघडे असतानाच हातपंपाने दाब देऊन मापकाचा काटा रात्रभर तपासला. सकाळी काटा उतरलेला आढळला, एक जोड पुन्हा केला आणि तपासणी नव्याने घेतली. टाइल्स लागल्यावर हाच दोष सापडला असता तर काय झाले असते, याचा हिशेब वाचकांनी करावा.

सांडपाण्याच्या बाजूला हीच शिस्त दिसली नाही. जुन्या पद्धतीप्रमाणे आमच्या स्वयंपाकघरात कोपऱ्याला मोरी होती. ती बुजवून तेथे भांडी धुण्याच्या यंत्राची जागा करायची होती. गवंड्याने मोरीच्या खड्ड्यात विटांचे तुकडे आणि राडारोडा भरून वर फरशी टाकण्याची तयारी केली. जुना नहाणी ट्रॅप (मोरीच्या तळाशी पाणी साठवून वास अडवणारे भांडे) तसाच खाली राहिला असता, तर त्यातील पाणी आटून दुर्गंधी आणि झुरळे वर आली असती. शिवाय खड्ड्याच्या जलरोधक थराचे काय, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. आम्ही आग्रह धरल्यावर जुना ट्रॅप काढून त्याचे तोंड बंद केले, तळाला आणि भिंतीच्या पायथ्याला जलरोधक लेप दिला, पाणी भरून ठेवले आणि खालच्या शेजाऱ्यांना छत पाहायला सांगितले. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेतील सिंक, मोरी यांतून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च सभासदानेच सोसायचा असतो, त्यामुळे ही तपासणी मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही. नव्या सांडपाण्याच्या पाइपला मीटरमागे दोन ते अडीच सेंटीमीटर उतार हवा. प्लंबरने तो नजरेने दिला होता, लेव्हल लावल्यावर मधला भाग सपाट निघाला आणि तेवढा पाइप पुन्हा बसवावा लागला. बाहेरचा उभा पाइप ॲस्बेस्टॉस सिमेंटचा आहे. तो ग्राइंडरने कापला तर उडणारे तंतू फुप्फुसांना घातक असतात, याची जाणीव पर्यवेक्षकाला होती आणि त्याने पाइप न कापता सांध्यावर सोडवून घेतला, याचे श्रेय त्याला द्यायला हवे.

विजेचे काम सरस झाले, नियोजन फसले. जुन्या वायरिंगमध्ये ॲल्युमिनियमच्या तारा होत्या आणि अर्थिंग केवळ नावाला होते. ॲल्युमिनियमला तांब्याची तार नुसती पिळून जोडली तर सांधा तापतो आणि झिजतो, म्हणून वायरमनने मीटरच्या पेटीपासून स्वयंपाकघरासाठी तांब्याची स्वतंत्र ओळ आणली. ओव्हन आणि इंडक्शनसाठी ४ चौरस मिलिमीटरची तार, प्रत्येकाला वेगळा एम.सी.बी. (जादा प्रवाह झाल्यास वीज तोडणारा स्विच) आणि सर्वांवर ३० मिलिॲम्पिअरचा आर.सी.सी.बी. (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), ही मांडणी निर्दोष आहे. मात्र पॉइंटचा नकाशा उपकरणे ठरण्याआधीच काढला गेला. परिणामी १६ ॲम्पिअरचा एक सॉकेट ओव्हनच्या नेमका पाठीमागे गेला आणि ओव्हन बाहेर ओढल्याशिवाय तो बंद करता येत नव्हता. भिंत पुन्हा फोडून तो बाजूच्या कपाटात हलवला. त्याचे पैसे संस्थेने मागितले नाहीत, पण आठवडा मात्र गेला. उपकरणे विकत घेतली नसली तरी त्यांची मापपत्रिका हाती असल्याशिवाय तारांसाठी भिंतीत खाचा पाडू देऊ नयेत.

गॅसच्या बाबतीतील चूक अधिक गंभीर होती. सिलिंडरसाठी सर्व बाजूंनी बंद, सुबक दाराचे कपाट आले. एल.पी.जी. हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास वायू तळाशी साचतो. म्हणून अशा कपाटाला जमिनीलगत जाळीची उघडीक हवीच. नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, त्याला वाट वरच्या बाजूला लागते. आमच्या इमारतीत पाइप गॅस येऊ घातला आहे, म्हणून वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणी जाळ्या करून घेतल्या. गॅस पाइप हलवायचा असेल तर तो गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच हलवावा आणि भिंतीत गाडू नये, हे संस्थेच्या करारपत्रात छापलेले आहे. सिलिंडरच्या कपाटाबद्दल मात्र तेच करारपत्र अवाक्षर काढत नाही. चिमणीचा सहा इंची पाइप दोन वळणांत बाहेर काढला आणि छिद्र तुळईच्या खाली, विटांमध्ये कोअर कटरने पाडले, तेवढे योग्य.

सुतारकामात साहित्याचा दर्जा चांगला आहे. सिंकखालच्या आणि खालच्या ओळीच्या कपाटांना आय.एस. ७१० शिक्क्याचे (त्या भारतीय मानकाचे, पाण्याला टिकणारे) मरीन प्लायवूड वापरले आणि शिक्का दिसत असतानाच लॅमिनेट लावण्यापूर्वी आम्हाला फळ्या पाहू दिल्या. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये भाव विचारून ठेवले होते, त्यामुळे दरातही फसवणूक वाटली नाही. परंतु कपाटांच्या पाठीला कोणती फळी लावणार, हे अंदाजपत्रकात लिहिलेले नव्हते आणि तेथे साधी एम.डी.एफ. (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) आली. जुन्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात आणि पाणी लागले की एम.डी.एफ. फुगते. संस्थेने सिंकखालची पाठ बदलून दिली, बाकीच्या बदलण्यासाठी वेगळे पैसे मागितले. स्टेनलेस स्टीलच्या ट्रॉल्या ३०४ दर्जाच्या आहेत हे दाखवण्यासाठी सुताराने त्यांना लोहचुंबक चिकटत नसल्याचे दाखवले. तो प्रयोग लोकप्रिय असला तरी निरुपयोगी आहे, कारण स्वस्त २०२ दर्जाच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. पुरवठादाराचे बिल मागणे हा अधिक भरवशाचा मार्ग. जुना ओटा ३० इंच उंच होता, नवा ३४ इंचांचा केला. उंची ठरवण्यापूर्वी पर्यवेक्षकाने स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला विटांवर ठेवलेल्या फळीपाशी उभे करून लाटण्याचा आणि चिरण्याचा आविर्भाव करायला लावला, ही साधी पद्धत नकाशापेक्षा उपयोगी ठरली.

धूळ आणि वेळ यांबाबत संस्था सामान्य म्हणावी लागेल. सोसायटीने दुपारची शांततेची वेळ दिली होती, ती कामगार अनेकदा विसरले. जिन्यातला राडारोडा रोज संध्याकाळी उचलण्याचे ठरले असताना तो एखाद-दुसरा दिवस तेथेच पडून राही. ठरलेली तारीख उलटली. मात्र ओल्या प्लास्टरवर पुट्टी मारून तारीख गाठण्याचा आमचाच आग्रह पर्यवेक्षकाने धुडकावला, आणि पहिल्या पावसात भिंतीचा पोपडा निघाला नाही तो त्यामुळेच.

काम सोपवताना संस्थेने भिंती उघड्या असताना काढलेली पाइप आणि तारांची छायाचित्रे दिली. प्रत्येकात टेप धरून जमिनीपासूनची आणि कोपऱ्यापासूनची अंतरे दाखवलेली आहेत. प्लंबिंगच्या जोडांवर एक वर्षाची लेखी हमी आहे. बिजागऱ्या आणि ट्रॉल्यांची हमी ज्या त्या उत्पादकाची. संस्थेचे कपाटांचे दर मॉड्युलर दुकानांपेक्षा थोडे कमी आहेत, पण सिव्हिल काम धरले की एकूण रक्कम जास्त होते. ज्यांची इमारत नवी, भिंती सरळ आणि पाइप प्लास्टिकचे आहेत त्यांनी या संस्थेकडे जाण्याचे विशेष कारण नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या घरासाठी मी तिची शिफारस करतो, मात्र सांडपाण्याचा उतार, सिलिंडरचे कपाट आणि पाठीच्या फळ्या या तीन गोष्टी करारात लिहून घेतल्यानंतरच. संस्था जून ते सप्टेंबर या काळात तोडफोडीचे नवे काम घेत नाही, त्यामुळे दिवाळीपूर्वी स्वयंपाकघर हवे असणाऱ्यांनी उन्हाळ्यातच तिला पाहणीसाठी बोलवावे.