मुंबई–न्यूयॉर्क: हवाई अंतर आणि वेळ दाखवणारे ॲप, आठ महिन्यांच्या वापरानंतर

मार्च 2025 मध्ये मुलीकडे न्यू जर्सीला जायचे ठरले, तेव्हा दोन शहरांमधले हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणारे एक ॲप मी फोनवर घेतले. नोव्हेंबरपर्यंत याच मार्गावर तीनदा प्रवास झाला आणि प्रत्येक वेळी ॲपचे आकडे मी ताडून पाहिले.

अंतराबाबत माझी काहीच तक्रार नाही. ॲप 12,532 किलोमीटर दाखवते. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेषा अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाते. ॲपमधली तांबडी रेषा मात्र मुंबईहून वायव्येकडे, तीही बरीच उत्तरेला झुकून निघते आणि फिनलंड, नॉर्वे, आइसलंड असे करत ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरते. ती चुकली असावी, असे मला आधी वाटले. म्हणून घरातल्या 30 सेंटीमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर शिवणाचा दोरा ताणून धरला, तर तोही आइसलंडवरूनच गेला. पट्टीवर तो साडेएकोणतीस सेंटीमीटर भरला, म्हणजे जवळजवळ गोलाच्या व्यासाएवढा. दोन्ही शहरांमधले अंतर पृथ्वीच्या व्यासाच्या इतके जवळ जाते, हे मला या दोऱ्यामुळेच कळले.

वेळेबाबत मात्र हे ॲप फसवते. अंतराला ताशी 900 किलोमीटरने भागून त्यात अर्धा तास मिळवायचा, एवढाच त्याचा हिशेब दिसतो; त्यामुळे जाताना आणि येताना दोन्हीकडे ते 14 तास 25 मिनिटेच सांगते. त्यावर विसंबून मी जावयांना पोहोचण्याची वेळ कळवली आणि मार्चमध्ये प्रत्यक्ष प्रवासाला 15 तास 40 मिनिटे लागल्याने त्यांना विमानतळावर सव्वा तास ताटकळावे लागले, याचे मला अजून वाईट वाटते. साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. अमेरिकेला जाताना ते समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात. जूनमध्ये परतताना साडेचौदा तास लागले, म्हणून ॲप त्या एकाच वेळी बरोबर ठरले.

शिवाय एप्रिल 2025 पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आहे. नोव्हेंबरमध्ये आमचे विमान अरबी समुद्रावरून वळसा घेऊन गेले आणि पावणेसतरा तास लागले. नकाशावरची तांबडी रेषा तेव्हाही होती तशीच होती.

स्थानिक वेळेचेही तेच. अमेरिकेतली घड्याळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात आणि न्यूयॉर्कशी आपला फरक साडेनऊऐवजी साडेदहा तासांचा होतो. ॲपने साडेनऊच धरला होता. आता अंतर मी ॲपवर पाहते, पण घरच्यांना पोहोचण्याची वेळ कळवताना तिकिटावर छापलेलीच कळवते. ॲप बनवणाऱ्यांनी निदान जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगवेगळा दाखवावा, एवढी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.