डिस्नेलँड, अनाहाइम : बाकावर बसणाऱ्या आजी-आजोबांच्या नजरेतून

बागेत नेलेल्या आजी-आजोबांचं काम ठरलेलं असतं. बाकावर बसायचं, चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या, झोका जरा उंच गेला की ‘हळू रे!’ म्हणून ओरडायचं. भुसावळात मी हे काम वर्षानुवर्षं केलंय, आधी लेकीसाठी, मग नणंदेच्या नातवंडांसाठी. त्यामुळे कॅलिफोर्नियात अर्वाइनला लेकीकडे पोचल्यावर तिने ‘ह्या वेळी सगळे मिळून डिस्नेलँड’ असं फर्मान काढलं, तेव्हा मी एवढंच विचारलं, की तिथे बसायला बाक आहेत ना?

आहेत, भरपूर आहेत. पण दोन दिवसांत मी त्यांवर फार कमी बसले, म्हणून हे लिहायला घेतलंय.

आधी आमची वरात सांगते. मी 68 वर्षांची, निवृत्त मास्तरीण. हे 72, भुसावळच्या रेल्वे इंजिनांच्या शेडमधून निवृत्त, एक गुडघा बदललेला, दुसरा रांगेत. नात सात वर्षांची, नातू साडेचारचा. शिवाय लेक आणि जावई, म्हणजे मोबाइल चालवणारी पिढी. हे महत्त्वाचं आहे. तिथे तिकीट, जेवणाची ऑर्डर, कुठल्या राइडला किती वेळ लागेल, सगळं मोबाइलवरच्या ॲपमध्ये असतं. जास्तीचे पैसे भरून छोट्या रांगेत शिरायची सोयही त्यातच. आपण दोघंच नातवंडांना घेऊन गेलो असतो, तर निम्मा दिवस मोबाइलमध्ये डोकं घालण्यात गेला असता.

आता पैशाचं. तिकिटाचा दर दिवसानुसार बदलतो, गर्दीच्या दिवशी चढतो, आणि मोठ्या माणसाला एका दिवसाचे शंभर डॉलरच्या वरच पडतात. तीन वर्षांखालच्या बाळाला फुकट, तीन ते नऊ वयाला किंचित कमी, आणि दहाच्या पुढे सगळे मोठे. म्हणजे दहा वर्षांचा पोरगा आणि मी एकाच भावात! ज्येष्ठ नागरिक म्हणून दमडीची सवलत नाही. आमच्या एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी उलटलेल्याला तर प्रवासच फुकट. हे मी जावईबापूंना ऐकवलं. ते म्हणाले, ‘आई, एसटीत मिकी माउस नसतो.’ ह्या बागेला मी पाचपैकी चार तारे देते, एक कापलाय तो ह्या तिकिटापायी.

पहिल्या दिवशी आमचं चुकलं. पैसे वसूल करायचे म्हणून दार उघडायच्या आधी जाऊन उभे राहिलो आणि रात्रीच्या फटाक्यांपर्यंत थांबायचं ठरवलं. दुपारी तीनला धाकट्याने रस्त्यात बसकण मारून भोकाड पसरलं. निमित्त झालं उंचीचं. डोंगरातून पळणारी ती खाणीतली आगगाडी आहे, बिग थंडर, तिला 40 इंच उंची लागते आणि हा भरला 39. टाचा उंचावून पाहिल्या, केस वर करून पाहिले. मोजणारी मुलगी हसतमुख होती, पण पट्टीच्या बाबतीत आमच्या शाळेतल्या हेडबाईंसारखी. मला हे आवडलं. लेकराच्या जिवाशी खेळ नाही म्हणजे नाही. घरूनच मोजून जा आणि पोराला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, एवढाच धडा.

अशा राइडसाठी तिथे एक सोय आहे, रायडर स्विच म्हणतात. लहान मूल बसू शकत नसेल, तर आई-बापांपैकी एकजण मुलाजवळ थांबतो आणि दुसरा उतरला की पुन्हा सगळी रांग न लावता आत जातो. आजी-आजोबा सोबत असले की तेवढंही लागत नाही. लेक आणि जावई लग्नानंतर पहिल्यांदाच जोडीने कुठेतरी किंचाळायला गेले असतील, आणि आम्ही धाकट्याला अननसाचं आईस्क्रीम खाऊ घालत बसलो. डोल व्हिप म्हणतात त्याला. टिकी रूम नावाच्या खेळाच्या शेजारी मिळतं. दोन दिवसांत आम्ही ते चारदा खाल्लं. बाकी शाकाहारी माणसाने आतल्या खाण्यावर फार भरवसा ठेवू नये. घरचं नेता येतं, फक्त काचेची बरणी आणि दारू चालत नाही. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. तपासणीला चटणीचा डबा उघडायला लावतील म्हणून मी धास्तावले होते, पण त्यांनी पिशवीत डोकावून पुढे सोडलं. खाण्याच्या काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा पेला मागितला की फुकट देतात. तेवढं एक तिथे फुकट आहे.

आता आमच्या ह्यांचं प्रकरण. दारातून आत शिरताच समोर उंचावर स्टेशन दिसतं आणि तिथून पूर्ण बागेला फेरी मारणारी वाफेची गाडी सुटते. शिट्टी ऐकली आणि हे गुडघा विसरले. नातवंडं हत्तीच्या पाळण्याकडे ओढतायत आणि हे प्लॅटफॉर्मवर इंजिनाच्या चाकांकडे वाकून बघतायत. रूळ तीन फुटी. आमच्याकडची जुनी पाचोरा-जामनेर अडीच फुटी होती, माथेरानची दोन फुटी, म्हणजे ही दोघींची थोरली बहीण, असा निवाडा झाला. पाच इंजिनं आहेत. दोन 1955 साली बाग उघडली तेव्हा डिस्नेच्याच स्टुडिओत बांधलेली, बाकीची तीन बाल्डविन कंपनीची जुनी, खरी काम केलेली. त्यातलं फ्रेड गर्ली नावाचं इंजिन 1894 सालचं, लुइझियानात उसाच्या मळ्यावर ऊस ओढायचं. ‘ऊस!’ हे असं म्हणाले, जणू गावचा माणूस भेटला. आता ती बायोडिझेलवर वाफ करतात, हे कळल्यावर चेहरा जरा उतरला. कोळशाशिवाय वाफ म्हणजे त्यांच्या लेखी शेंगदाण्याशिवाय चिवडा.

बागेतल्याच न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर नावाच्या भागातल्या स्टेशनावर तारेच्या यंत्राची टकटक सतत ऐकू येते. मला वाटलं नुसता आवाज असेल. जावयाने सांगितलं, की 17 जुलै 1955 ला वॉल्ट डिस्नेने उद्घाटनाचं जे भाषण केलं, त्याची सुरुवात त्या टकटकीत पाठवली जातेय. हे दोन फेऱ्या तिथे कान लावून बसले. जुन्या स्टेशन मास्तरांच्या खोलीची आठवण येते म्हणाले. गाडीची पूर्ण फेरी वीसेक मिनिटांची, उंचीची अट नाही, शेवटी अंधारात डायनोसॉरसुद्धा दिसतात. आजी-आजोबांसाठी ह्याहून चांगली जागा नाही. थकलात की गाडीत बसा, पाय मोकळे आणि पोरं खूश. आम्ही पाच फेऱ्या मारल्या.

सर्वांनी एकत्र बसायच्या राइड इथे खूप आहेत, हेच मला सर्वांत भावलं. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ ही नावेतली सफर 1964 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवली आणि 1966 पासून इथे आहे. देशोदेशीच्या बाहुल्या एकच गाणं गातात. ते गाणं नंतर तीन दिवस डोक्यातून जात नाही, ह्याची तयारी ठेवा. भारताचा भाग आला तेव्हा धाकटा ‘आजी, तुझा देश!’ असं ओरडला आणि पुढच्या नावेतली सगळी माणसं वळून मला बघायला लागली. मीही हात हलवला, करते काय.

पीटर पॅनच्या गोष्टीवरची उडती नाव मात्र मला पटली नाही. रांग मारुतीच्या शेपटीएवढी आणि आतली सफर दोन-तीन मिनिटांत आटोपते. पोरं ह्यावर भांडतील, पण माझं मत बदलणार नाही. त्याच्या शेजारची मिस्टर टोडची गाडी घ्या. तो बेडूकराव बेफाम गाडी हाकतो, आगगाडीवर आदळतो आणि थेट नरकात जातो. खरंच नरकात! लाल उजेड, गरम हवा, नाचणारी सैतानाची पिल्लं. लहान मुलांच्या बागेत यमपुरी! धाकटा घाबरेल म्हणून मी त्याचे डोळे झाकायला गेले, तर तो माझा हात बाजूला सारून म्हणाला, ‘आजी, पुन्हा.’

दुसऱ्या दिवशी शहाणपण आलं. मध्ये एक दिवस घरी आराम केला होता. सकाळी जायचं, दुपारी एकला घरी, डाळभात, झोप, आणि पाचनंतर परत. त्याच दिवशी त्याच तिकिटावर पुन्हा आत जाता येतं. ह्यांनी पहिल्या दिवशी ‘मला काय झालंय’ म्हणून चाकाची खुर्ची नाकारली होती. दुसऱ्या दिवशी दारातच भाड्याने घेतली, आणि नातीने ती ढकलायचा हट्ट धरला. दारातून आत जाणारा मुख्य रस्ता, मेन स्ट्रीट, संपतो तिथे बाळांसाठी एक खोली आहे, बाळाला पाजायला आणि बदलायला शांत जागा, अन्न गरम करायची सोय, अगदी चिमुकले संडास. ही खोली आधी शोधून ठेवा. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला जावं की इथे, असं विचारणाऱ्या माझ्या वयाच्या मैत्रिणींना मी इथलंच सांगते. तिकडे चार बागा एकमेकींपासून लांब, बस किंवा गाडीशिवाय गत्यंतर नाही. इथे दोनच बागा, समोरासमोर, मध्ये एक चौक.

डिस्नेलँडच्या मेन स्ट्रीटवरच्या ऑपेरा हाऊसमध्ये एक साधा बाक ठेवलाय. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या फिरत्या घोड्यांवर न्यायचा, मुली घोड्यावर आणि हा बाकावर शेंगदाणे खात. मोठ्यांनाही पोरांबरोबर मजा करता येईल अशी जागा का नाही, असं त्याला तिथे बसून वाटलं, आणि त्यातून हे सगळं निघालं. तिथल्याच बाकांपैकी हा एक. मी त्याच्यापुढे जरा जास्तच वेळ उभी राहिले. लेक म्हणाली, ‘आई, चल ना.’

शेवटची आमची राइड फिरत्या घोड्यांची. 68 घोडे, सगळे पांढरे, सगळे उड्या मारणारे. ज्यांना घोड्यावर चढता येत नाही त्यांच्यासाठी त्यात एक बाकही बसवलाय. हे त्या बाकावर बसले. मी ड्रेसची ओढणी कमरेला खोचली आणि नातीच्या शेजारच्या घोड्यावर चढले. तिथल्या मुलाने हात दिला, पण चढले मी माझी मी. धाकटा लेकीच्या पुढ्यात. गाणं सुरू झालं, घोडा वर गेला, आणि मी ‘हळू रे!’ म्हणून ओरडले ते माझ्याच घोड्याला.

उतरल्यावर नात म्हणाली, अजून एकदा. पुन्हा रांगेत उभं राहून तिसऱ्यांदाही बसलो. पिशव्या तिन्ही वेळा ह्यांच्याकडे होत्या.