झूम एफ८एन: आठ महिने, दोन सप्ताह आणि आठ चॅनेलची मांडणी

गावच्या अखंड हरिनाम सप्ताहातली कीर्तनं नीट रेकॉर्ड व्हावीत, पखवाज, पेटी, टाळ आणि महाराजांचा आवाज वेगवेगळे हाताशी राहावेत, एवढ्यासाठी मी हा रेकॉर्डर घेतला. आठ महिन्यांत दोन सप्ताह आणि अधूनमधून भजनाचे कार्यक्रम झाले. आवाज स्वच्छ मिळतो, त्याबद्दल शंका नाही. पण यंत्र कितीही चांगलं असलं, तरी इनपुटची मांडणी चुकली की रात्र वाया जाते. म्हणून लिहायचं ते त्याबद्दलच.

पहिल्याच रात्रीचं सांगतो. मंडपातल्या साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक वायर घेतली आणि सातव्या चॅनेलला लावली. वायरीचं टोक एक्सएलआर (तीन पिनांचं), माइकची वायरही एक्सएलआर, त्यामुळे ‘सोर्स’मध्ये ‘माइक’ तसंच राहिलं. अभंगाचं निरूपण चालू होतं तोवर काही जाणवलं नाही. गजर सुरू झाला आणि हेडफोनमध्ये आवाज फाटला. मी लगेच त्या चॅनेलचा फेडर (आवाजाची पातळी) खाली घेतला. आवाज लहान झाला, पण फाटलेला तो फाटलेलाच राहिला. मिक्सरमधून येणारा सिग्नल माइकपेक्षा कितीतरी मोठा असतो, त्यासाठी ‘लाइन’ निवडायला हवं होतं. एफ८एनला एक्सएलआरवरही +४ डीबीचा लाइन सिग्नल चालतो, फक्त ते मेनूत सांगावं लागतं.

त्या रात्री दुसरी गोष्ट कळली ती ट्रिम आणि फेडरमधल्या फरकाची. ट्रिम म्हणजे आवाज यंत्रात शिरतो त्या दारावरचं माप. फेडर त्याच्या पुढे, एल-आर (डाव्या-उजव्या) मिक्ससाठी. मी ट्रॅक फेडरच्या आधीचा सिग्नल घेतील असं ठेवलं आहे, त्यामुळे फेडर कितीही हलला तरी वेगळ्या ट्रॅकना धक्का लागत नाही. ट्रिम चुकली तर मात्र ती चूक फायलीत कायमची बसते. हेडफोनमध्ये गोड वाटतंय यावर म्हणूनच विसंबू नये. प्रत्येक चॅनेल पीएफएल करून (म्हणजे फेडरच्या आधीचा सिग्नल निवडून) एकटा ऐकावा आणि मीटर बघावं.

ट्रिम कुठे ठेवायची? चाचणीला एक टाळकरी दोनदा टाळ वाजवून दाखवतो. प्रत्यक्षात वीस-पंचवीस टाळ एकदम पडतात. मी साध्या चालीला मीटरची टोकं −२० डीबीच्या आसपास (० ला आवाज फाटतो) राहतील अशी ट्रिम लावतो, म्हणजे गजराला ती −८, −६ पर्यंत गेली तरी जागा उरते. २४ बिटमध्ये एवढं कमी घेतल्याने काही बिघडत नाही, नंतर आवाज वाढवता येतो. लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारी सोय) चालू ठेवतोच. यातला ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ लिमिटर येणारा आवाज किंचित आधी पाहून आवरतो, त्यामुळे टाळांची टोकं दाबल्यासारखी वाटत नाहीत.

सर्वांत जास्त वेळ गेला पखवाजावर, आणि तो वेळ सार्थकी लागला. दोन्ही पुड्यांना (चामड्याच्या तोंडांना) एकेक माइक, चॅनेल दोन आणि तीन. आधी मी सगळ्याच चॅनेलना लो-कट (खर्जाचा आवाज गाळणारी सोय) ८० हर्ट्झवर लावला होता. कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा घुमारा त्यात पातळ झाला. आता लो-कट फक्त महाराजांच्या आणि पेटीच्या माइकला आहे, पखवाजाला नाही. तरीही दोन्ही माइक एकत्र ऐकले की खर्ज कुठेतरी हरवायचा. डाव्या चॅनेलचा फेज (ध्वनिलहरीची दिशा) उलटा केला आणि थाप एकदम अंगावर आली. एका पुडीवर थाप पडते तेव्हा ती आत जाते, आतली हवा दुसरीला बाहेर ढकलते, आणि समोरासमोरचे दोन माइक त्याच थापेच्या उलट-सुलट बाजू पकडतात. आमच्या पखवाजवाल्या काकांना हेडफोन दिला. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, “हा माझ्या हाताचा आवाज आहे.”

टाळकऱ्यांसाठी पाच आणि सहा ही जोडी स्टिरिओ लिंक केली आहे. दोन्हींची ट्रिम एकत्र हलते, डावं-उजवं असमान होत नाही. ही जोडी महाराजांपासून सुमारे ६ मीटरवर असते. आवाजाला मीटरभर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे वायरीने आलेला महाराजांचा आवाज जोडीतल्या आवाजाच्या १७-१८ मिलिसेकंद आधी पोचतो आणि शब्द दुहेरी ऐकू येतात. एफ८एनमध्ये प्रत्येक इनपुटला ३० मिलिसेकंदांपर्यंत उशीर देता येतो. एक (महाराजांचा माइक) आणि सात (मिक्सरची वायर) या चॅनेलना तेवढा उशीर दिला, शब्द एकजीव झाले. ही सोय आहे हे मला तीन महिने माहीत नव्हतं.

फँटम, म्हणजे माइकला त्याच्याच वायरीतून दिली जाणारी ४८ व्होल्ट वीज, फक्त ज्यांना ती लागते त्या कंडेन्सर माइकना. मिक्सरच्या वायरीच्या चॅनेलवर ते बंद आहे ना, हे मी रोज रात्री पाहतो. त्या वायरीतून गुणगुण येत होती, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन यंत्रांमधला विजेचा थेट जोड तोडणारा) मध्ये घातल्यावर गेली.

बाकी थोडक्यात: फँटम चालू असताना आठ एए सेल झपाट्याने उतरतात, मी बाहेरून १२ व्होल्ट देतो आणि सेल आधाराला ठेवतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला आठ ट्रॅक आणि मिक्स मिळून तासाला साधारण ५ जीबी लागतात, दोन तासांच्या कीर्तनाला १० जीबी धरा. दोन कार्डांवर एकाच वेळी लिहिण्याची सोय मी कधीच बंद करत नाही.

ज्यांच्याकडे एक-दोनच माइक आहेत, त्यांनी एवढं मोठं यंत्र घेऊ नये. चार-पाच वाद्यं सांभाळायची असतील तर जरूर घ्या, पण आधी घरी बसून इनपुटचा मेनू दोन संध्याकाळ चाळा.

काल्याच्या कीर्तनानंतर सगळी मांडणी कार्डावर साठवून ठेवली आहे. पुढच्या सप्ताहाला ती उघडायची, फक्त ट्रिम नव्याने लावायची, आणि आठवा चॅनेल, जो आजवर रिकामा राहिला, तो विणेकऱ्याला द्यायचा.