गाडी उचलताना खालून आवाज येतो: माउंटिंग की एक्सेल?

सिग्नल सुटतो, क्लच सोडून रेस द्यावी तर खालून आवाज येतो, आणि गाडी पळायला लागली की गायब. इंजिन पुढच्या चाकांना फिरवत असेल, तर अशा वेळी संशय बहुधा दोघांवर जातो: इंजिन माउंटिंग (इंजिनला गाडीच्या सांगाड्यावर धरून ठेवणारा रबरी आधार) किंवा एक्सेलचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी दांडा फिरत राहू देणारा सांधा; प्रत्येक एक्सेलला असे दोन असतात). नुसत्या अंदाजावर एक बदलून मग दुसरं बदलण्यापेक्षा आवाज कसा आहे ते आधी नीट ऐका. हल्लीच चाक काढलं असेल, तर त्याचे नट सगळ्यात आधी तपासा. ते ढिले असतील तर बाकीची चर्चा नंतर.

माउंटिंगचा आवाज एकदाच येतो. पहिल्या गिअरमध्ये चाकांवर सर्वात जास्त जोर पडतो, तेवढाच उलटा झटका इंजिनला बसतो आणि तो रबरी माउंटिंग गिळतं. रबर फाटलं किंवा बसलं की इंजिन हलून आपटतं: 'धप्', थोडा दबका, तळपायाला जाणवणारा. रेस एकदम सोडली किंवा रिव्हर्स टाकला तरी तोच. सोबत गाडी उभी असताना स्टिअरिंग थरथरत असेल, एसी लावल्यावर जास्तच, तर संशय बळावतो.

बाहेरच्या, चाकाकडच्या सीव्ही जॉइंटचं उलट आहे. तो एकदा वाजून थांबत नाही, चाकाच्या फेऱ्यांबरोबर वाजतो. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूच रेस द्या. 'टक-टक-टक' आलं आणि वेगाबरोबर वाढत गेलं, तर निदान जवळपास झालंच. मग चाकामागे टॉर्च मारून पाहा: जॉइंटवरचा रबरी बूट (ग्रीस आत ठेवणारं आवरण) चिरलेला आणि रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं असतं. बूट फाटलाय पण आवाज नाही, अशा वेळी नवा बूट आणि ग्रीस घालून भागतं. टकटक सुरू झाल्यावर नुसता बूट बदलणं म्हणजे पैसे वाया.

खरी फसगत होते ती आतल्या, गिअरबॉक्सकडच्या जॉइंटमुळे. तो वळणावर टकटक करत नाही. सरळ रस्त्यावर रेस देताना धक्का देतो किंवा गाडी डावी-उजवी हलवतो, पाय काढला की शांत. म्हणून त्याला लोक माउंटिंग समजतात, आणि माउंटिंगला जॉइंट.

दोघांना वेगळं करायला एक चाचणी पुरते. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक घट्ट दाबून ठेवा. पहिला गिअर टाकून क्लच गाडी ओढू लागेपर्यंतच सोडा, मग तसंच रिव्हर्समध्ये. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक न सोडता डी (पुढे) आणि आर (रिव्हर्स). दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिनकडे पाहावं, गाडीच्या पुढे किंवा मागे कधीच नाही. इंजिन थोडं कलतं ते ठीक, पण उसळून आपटलं तर दोष माउंटिंगचा. इंजिन जागेवर शांत आणि आवाज फक्त गाडी चालतानाच, तर एक्सेलकडे वळा.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत याच जागी प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, तपासावा. पत्र्यासारखी खडखड असेल तर सायलेन्सरची हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) बघा, काम छोटं आहे. आणि गाडी सुरू केल्यावर पहिल्यांदा थोडा वेग घेताच एकदा 'खट्' होऊन पुन्हा काहीच नाही, तर ती बहुधा एबीएसची (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) स्वतःची चाचणी असते. तिला हात लावू नका.

आतला जॉइंट की माउंटिंग, हे तरीही ठरत नसेल तर मी आधी माउंटिंग बदलेन. ते बसलेलं असेल तर इंजिन खाली येतं, एक्सेलचा कोन बिघडतो आणि नवा जॉइंटही लवकर झिजू शकतो. बाहेरचा जॉइंट मात्र सरळ रस्त्यावरही टकटकू लागला असेल, तर ते काम आधी, आणि तोवर लांबचा प्रवास नको. तो तुटला की इंजिन चालू राहतं, गाडी जागची हलत नाही.